पोत्यांच्या काट्यावर दोन जावा

रविवारी दुपारी बेकरीची भट्टी निवाली आणि फरशी धुऊन झाली, की त्या दोघी जावांचं वजन व्हायचं. तेही कुठे, तर मैद्याची पोती मोजायच्या काट्यावर. खाली लोखंडी फळी, तिच्यामागे उभा खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं पितळी वजन. आधी धाकटी चढायची, मग थोरली. भट्टीवाला, म्हणजे तिथला सगळ्यात जुना कामगार, हात पुसून ते वजन सरकवायचा आणि दांडी जिथे सरळ व्हायची तिथे दोरा बांधायचा. बिस्किटांचे पुडे बांधायचा साधा दोरा; थोरलीचा लाल, धाकटीचा पांढरा. पुढच्या रविवारी तो सोडून नव्या जागी बांधायचा. लाल दोरा पुढे पुढे जात होता, पांढरा मागे मागे येत होता, आणि पांढऱ्यासाठी अख्खं घर टाळ्या वाजवत होतं.

मी त्या बेकरीच्या वर, मालकांच्या घराला लागूनच राहते. माझं स्वयंपाकघर बरोबर भट्टीवर येतं. थंडीत फुकटची ऊब मिळते आणि उन्हाळ्यात मी मालकांना शिव्या घालते. त्या घरातलं बरंवाईट मला जिन्यातूनच कळतं, कान लावावा लागत नाही. म्हणून थोरलीबद्दल लोक जे बोलतात ते मला खपत नाही. लोक म्हणतात, फटकळ आहे, हेकट आहे आणि जावेच्या वाईटावर होती. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मी भांडणार नाही.

थोरली या घरात आली तेव्हा सासरा, नवरा आणि शाळेत जाणारा दीर, एवढीच माणसं होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कणीक मळायच्या टेबलाशी उभी राहिली, ती तिथेच राहिली. दीर मोठा झाला, त्याचं लग्न झालं आणि धाकटी आली. ही हसरी, बोलघेवडी. गिऱ्हाइकाचं पोर रडलं की त्याच्या हातावर बिस्कीट ठेवणारी. थोरली मात्र सुटे पैसे नसले तर गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवायची. सासऱ्याने दोघींना त्याच लांब टेबलाच्या दोन बाजूंना उभं केलं, एक मळायला आणि एक गोळे तोडायला. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात, तो इथे शब्दशः उभ्या उभ्याच चालला. मीठ जास्त झालं यावरून, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून, रेडिओवरून. शेवटचा शब्द दर वेळी थोरलीचा. चाव्या थोरलीकडे, सकाळचा पहिला चहा थोरलीला, आणि तुटक्या बिस्किटांचा डबाही थोरलीच्याच ताब्यात.

पण एक मी पाहिलेलं आहे. धाकटीला ताप आला की थोरलीचे गोळे लहानमोठे व्हायचे. दर अर्ध्या तासाने ती वर घरात जाऊन यायची आणि आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "मुद्दाम पडलीय. आज पोती यायची होती ना." तिची काळजी कायम अशी शिवी पांघरूनच बाहेर यायची. धाकटीला ते कळत असेल असं मला वाटायचं. आता खात्री नाही.

दगडी फरशीवर जन्म उभ्याने काढला की गुडघे राहत नाहीत. त्यात दोघींची अंगं भरलेली. भट्टीशेजारी राहणारं माणूस वाळणार कसं? आधी थोरलीचे पाय वाकले, मग धाकटीचे. दोघी टेबलाला धरून चालायला लागल्या, तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनने सांगितलं, गुडघे बदला. मालक, म्हणजे थोरलीचे यजमान, हिशोबी माणूस. त्यांनी दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात ठरवली. एकच आजारपण, सांभाळायला एकच बाई, कमोडची खुर्चीही एकच. "चार गुडघे घाऊक भावात मिळतायत का बघा," थोरली म्हणाली. जिना चढायचा नाही म्हणून दुकानामागची मैद्याची खोली रिकामी करून तिथे दोन खाटा टाकल्या. इतकी वर्षं टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलेल्या बायका आता हातभर अंतरावर झोपायला लागल्या.

ऑपरेशनं चांगली झाली. सर्जनने घरी पाठवताना दम भरला, "गुडघे नवे बसवलेत, त्यावरचं ओझं जुनंच आहे. वजन उतरवा, नाहीतर हेही झिजतील." मालकांना शर्यतीचा भारी नाद. त्यांनी लगेच पोत्यांच्या काट्याची टूम काढली आणि भट्टीवाल्याने दोरे आणले.

पहिले काही रविवार दोघींचं वाढलंच. बसून राहायचं, दुखलं की काहीतरी तोंडात टाकायचं, भेटायला येणारा प्रत्येक जण खायलाच घेऊन येणार. थोरलीला तर गल्ल्याशेजारी खुर्ची दिली होती आणि तुटक्या बिस्किटांचा डबा हाताशी. तिचा लाल दोरा पुढे जाणार नाही तर काय होणार? मग धाकटीचा दोरा थांबला आणि मागे फिरला. ती चालायला लागली होती, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची, म्हणून सगळ्यांना वाटलं, चालण्याचाच गुण आहे. तिचे यजमान कौतुकाने म्हणायचे, "लग्नातली दिसायला लागली." कामगार टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या. काट्यावरून उतरताना धाकटी थोरलीकडे बघून हसायची, आणि ते हसू नवीन होतं. त्या घरात ती पहिल्यांदाच थोरलीच्या पुढे गेली होती.

तपासणीला मी त्यांच्यासोबत गेले. मालकांना दुकान, दिरांना भट्टी, आणि दोघींना मिळून दोन हात हवेत. सर्जनने गुडघे वाकवून पाहिले आणि धाकटीच्या वजनाचा आकडा बघून खूश झाला.

"ऑपरेशननंतर बहुतेकांचं वजन वाढतं हो," तो म्हणाला. "चालायला लागतात, पण खाणं सुटत नाही. तुमचं चक्क उतरलंय. सगळ्या पेशंटांना मी तुमचं उदाहरण सांगणार." मग थोरलीकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही काय करताय? जावेकडून शिका जरा."

"ती जेवत नाही हो डॉक्टर," थोरली म्हणाली.

"मग बरोबरच आहे ना!" तो हसला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बहुतेकांचं उतरत नाही, मग हिचंच का उतरलं, हा प्रश्न त्याच्याच बोलण्यात होता आणि त्यानेच तो ऐकला नाही. हा राग माझा अजून गेलेला नाही. परतताना गाडीत धाकटी खिडकीपाशी बसून गाणं गुणगुणत होती. थोरली तिच्या मानेकडे बघत होती. मानेवरची कातडी सैल झाली होती, मोठ्या माणसाचा शर्ट लहान पोराला घातल्यासारखी.

थोरलीला जे दिसत होतं ते आम्हाला कुणाला दिसत नव्हतं, कारण आम्ही रविवारी बघत होतो आणि ती रोज. धाकटी ताट पुढ्यात घ्यायची, दोन घास खायची आणि उरलेलं मागच्या अंगणात चिमण्यांना टाकायची. पाठ धरते म्हणायची. थोरली तिच्या पाठीला तेल चोळायची, बडबडत, "माझे हात काय फुकटचे आहेत?" असं म्हणत. एक दिवस जिन्यात मला थांबवून ती म्हणाली, "पाठीचा एकेक मणका हाताला लागतो गं. चालून कुणाचे मणके वर येत नाहीत."

"मग सांगा ना घरात," मी म्हटलं.

तिने सांगितलं. पण कसं सांगितलं ते ऐका. धाकटी टेबलाशी उभी राहून हलकं काम करायला लागली होती. एका सकाळी तिची अंगठी बोटातून निसटून कणकेत गेली. कामगार गोळे फोडून शोधायला लागले, सगळे हसत होते. थोरली खुर्चीवरून कडाडली, "आज अंगठी राहिली नाही बोटात, उद्या बोटही राहायचं नाही! टोस्टसारखी वाळत चाललीय आणि मिरवतेय. काहीतरी पोखरतंय तुला आतून, कळतंय का?"

हसणं थांबलं. धाकटी कधी उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. कणकेचे हात तसेच धरून ती म्हणाली, "पोखरतंय ते तुम्हाला, जाऊबाई. सगळं आयुष्य तुमच्या मागे उभी राहिले. एकदा पुढे गेले तर तुम्हाला तेवढंही बघवत नाही?"

"अगं ए, मी काय म्हणते..."

"तुम्ही काय म्हणता ते मला पाठ आहे." आणि ती रडत मागच्या खोलीत गेली.

अंगठी सापडली. ती तिने दोऱ्याने गुंडाळून जाड केली आणि परत घातली. पुढच्या रविवारी पांढरा दोरा आणखी मागे गेला तेव्हा टाळ्या जरा जास्तच जोरात झाल्या, थोरलीला ऐकू जाव्यात म्हणून.

ती गप्प बसली नाही. दिरांना बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, हिला पोटाच्या डॉक्टरला दाखवा." ते भले गृहस्थ, त्यांनी हात जोडले. "वहिनी, ती सुखात आहे. राहू द्या की चार दिवस." मग ती नवऱ्याकडे गेली. मालक गल्ल्यावर होते, गिऱ्हाइकं समोर होती. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आधी तुझा दोरा मागे आण. मग दुसरीच्या वजनावर बोल."

हे वाक्य तिने धरून ठेवलं. त्याच संध्याकाळी ती जिना चढून माझ्याकडे आली. नव्या गुडघ्यांनी पहिल्यांदाच चढली होती, कठड्याला धरून, घामाघूम. हातात तुटक्या बिस्किटांचा डबा होता.

"हा तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "मी मागितला तरी देऊ नकोस."

"का बरं?"

"माझा दोरा तिच्या मागे जाईस्तोवर माझं कुणी ऐकायचं नाही. मी जड आहे ना, म्हणजे मी जळते. तिच्यापेक्षा हलकी झाले की मग कशावर जळेन? मग तरी ऐकतील."

मला ते वेडेपणाचं वाटलं. मी म्हटलंही, त्यापेक्षा सरळ ओढून न्या तिला. "नेली होती," ती म्हणाली. "भाजी आणायला म्हणून निघालो आणि दवाखान्याची पाटी दिसल्यावर भररस्त्यात फिरली माघारी. म्हणाली, तुम्हाला मी आजारीच हवी आहे." असं म्हणून ती माझ्या खुर्चीत बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी तिला रडताना कधी पाहिलेलं नव्हतं. तेव्हाही रडली नाही, नुसतं नाक पुसत राहिली.

आणि मग थोरली उपाशी राहायला लागली. जिला चहाबरोबर चार बिस्किटं लागायची, ती कोरा चहा पिऊन गल्ल्याशेजारी बसायची. समोर ट्रे भरभरून ताजा पाव जायचा, सगळं दुकान त्या वासाने भरलेलं. तिला चक्कर यायची, गुडघ्याचे व्यायाम जमेनासे झाले. लाल दोरा मात्र मागे सरकायला लागला. आता तिच्यासाठीही टाळ्या वाजायला लागल्या. मालकांची छाती फुगली. "बघा, बोललो तेव्हा कुठे लागलं मनाला!" त्यांना वाटलं, आपली टूम काय लागू पडली.

यात एक गोष्ट थोरलीने हिशोबात धरली नव्हती, आणि ती मी तरी कुठे धरली होती? मागून लाल दोरा येताना दिसल्यावर धाकटी थांबेल कशाला? आयुष्यात एकदा हाताला लागलेली गोष्ट ती पुन्हा हिला देणार होती थोडीच! थोरली एक पाऊल पुढे आली की ती दोन पळायची. खाणं होतं नव्हतं ते आटलं. गल्लीच्या टोकापर्यंत एकदा जायची ती दोनदा जायला लागली, पाठीवर हात दाबून. दोरे दोन्ही मागे चालले होते, पण त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहत होतं. एका शनिवारी संध्याकाळी थोरली मागच्या दारात गेली तेव्हा धाकटी मोरीपाशी वाकून दुधाचा पेला ओतत होती. उद्या काट्यावर चढायचं म्हणून. तिने मागे वळून पाहिलं, घाबरली आणि लगेच हसली. "पोट भरलंय हो," म्हणाली.

"मीच हाकललं तिला," थोरली नंतर मला म्हणाली. "गुरासारखं हाकललं."

रविवारी तिने वजन करून घ्यायला नकार दिला. हरली, म्हणून सगळे हसले. धाकटी एकटीच काट्यावर चढली. उतरताना तिने खांबाला घट्ट धरलं होतं, आणि एवढं हसणाऱ्या लोकांपैकी कुणाला ते दिसलं नाही.

सोमवारी मैद्याची गाडी आली. गिरणीवाला पोत्यात हात मारतो हे सगळ्या बाजाराला माहीत, त्यामुळे प्रत्येक पोतं काट्यावर चढल्याशिवाय मालक उतरवून घेत नाहीत. भट्टीवाल्याने पहिलं पोतं फळीवर टाकलं आणि दांडीकडे हात नेला. दांडीवर दोन दोरे होते, सरकतं पितळी वजन नव्हतं. शोधाशोध झाली. टेबलाखाली, भट्टीमागे, कामगारांच्या पिशव्यांत. गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. रस्ता अडला, मागून चार लोक ओरडायला लागले. गोंगाट ऐकून मी खाली आले.

थोरली गल्ल्याशेजारी खुर्चीत बसली होती, नेहमीपेक्षा जरा उंच.

"माझ्याकडे आहे वजन," ती म्हणाली.

"कुठे आहे?" मालक धावून आले.

"माझ्याखाली. उठवा बघू मला."

कुणी पुढे झालं नाही. "वेड लागलंय का तुला?" मालक ओरडले. "गाडी उभी आहे!"

"राहू दे उभी. आधी हिला पोटाच्या डॉक्टरकडे न्या. तपासणी होऊ दे, रिपोर्ट हातात येऊ दे, मग घ्या वजन. तोवर पोती डोळ्यांनी मोजा."

"लोक हसतायत गं..."

"लोक गेले कित्येक महिने हसतायतच. काय झालं हसून?"

दीर मान खाली घालून उभे होते. गाडीवाला म्हणाला, पोती उतरवायची नसतील तर मी चाललो. शेवटी धाकटीच टेबलामागून पुढे आली. शरमेने लाल झालेली, तेवढाच काय तो रंग तोंडावर. "चला, एकदाचं दाखवून येऊ," ती म्हणाली. "पण काही निघालं नाही, तर जाऊबाईंनी इथे सगळ्यांसमोर माझी माफी मागायची."

"मागीन," थोरली म्हणाली. "दहा वेळा मागीन. नाक घासून मागीन."

सगळ्यांना ते तोऱ्याचं वाटलं. मी तिच्या जवळ उभी होते. ती विनवणी होती.

माफी मागायची वेळ आली नाही. पोटात गाठ होती, आत खोल, आणि ती इकडे तिकडे पसरली होती. पाठ त्यामुळेच दुखत होती. पोटाच्या डॉक्टरने विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? दिरांनी सांगितलं. मग त्याने विचारलं, इतके दिवस काय करत होतात? टाळ्या वाजवत होतो, असं तो भला माणूस कसं सांगणार? दीर घरी आले तेव्हा दुकान चालू होतं. थोरलीने त्यांचं तोंड बघितलं. मग ती उठली, खुर्चीवरचं पितळी वजन पुसलं, काट्यापाशी गेली आणि दांडीवर बसवून आली.

त्यानंतर फार दिवस नव्हते. धाकटी त्याच मागच्या खोलीत, त्याच खाटेवर होती आणि शेजारच्या खाटेवर थोरली. दुधात भिजवलेला पाव चमच्याने भरवायची. दोन चमचे जायचे, तिसरा परत यायचा. धाकटीचे गुडघे अंगापेक्षा मोठे दिसायला लागले होते. नवेकोरे, अजून वर्षही न वापरलेले. मी बसायला जायची. एका दुपारी धाकटीने डोळे उघडले आणि थोरलीला विचारलं, "कोण जिंकलं हो शेवटी?"

"तू," थोरली म्हणाली. "तूच जिंकलीस. तोंड उघड."

"मला कळत होतं, जाऊबाई." ती थांबत थांबत बोलत होती. "अंगठी पडली तेव्हाच कळलं होतं. पण तुम्ही म्हणालात, म्हणून ऐकायचं नव्हतं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर गेले असते."

"दुसरं कुणी बघतच नव्हतं तुझ्याकडे," थोरली म्हणाली.

धाकटीने हात पुढे केला, आणि थोरलीने तो धरला नाही, आधी तिच्या तोंडावरचं दूध पुसलं. मग धरला. मी उठून दुकानात आले. तिथे दीर पुडे बांधत बसले होते आणि दोरा तुटत होता.

धाकटी गेली. दुकान काही दिवस बंद होतं आणि मग उघडलं, कारण लोकांना पाव लागतो. रविवारची वजनं बंद झाली. लाल दोरा थोरलीने स्वतः सोडून टाकला. पांढरा कुणी सोडला नाही. भट्टीवाला पोती मोजताना पितळी वजन सरकवत त्या दोऱ्यापाशी आणतो, बोटाने जरासं उचलतो आणि पलीकडे ठेवतो. इतका जाडजूड माणूस, पण हे अलगद करतो.

थोरली टेबलाशी परत उभी राहते. समोर आता एक नवी बाई आहे, कामाला चांगली, बोलायला कमी. मीठ जास्त झालं तर थोरली बोलत नाही. खिडकी उघडी असो की बंद, तिला चालते. ताट घेते, दोन घास खाते, उठते. मालक मला म्हणाले, "एक बरं झालं, हिने खाण्यावर ताबा ठेवलाय." त्यांना कळलं नाही. त्यांना कधीच कळायचं नाही.

वर्षाच्या तपासणीला मीच तिला घेऊन गेले. सर्जनने गुडघे वाकवले, फिल्म उजेडात धरली, आकडा बघितला आणि खूश झाला.

"वा! किती उतरवलंत! बहुतेकांचं वाढतं हो. हे गुडघे आता वीस वर्षं हलायचे नाहीत. सगळ्या पेशंटांना मी तुमचं उदाहरण सांगणार."

"हेच तुम्ही तिलाही म्हणाला होतात," थोरली म्हणाली.

"कुणाला?"

थोरली खुर्चीच्या हाताला न धरता उठली, सर्जनला तेही आवडलं.

परत आल्यावर मी वर गेले आणि फडताळातून तुटक्या बिस्किटांचा डबा काढला. मागितला तरी देऊ नकोस म्हणाली होती, पण तिने कधी मागितलाच नव्हता. मी अधूनमधून ताजी भरून ठेवत होते. तो घेऊन खाली आले. मागच्या खोलीत ती आपल्या खाटेवर बसली होती, दुसऱ्या खाटेवर आता परत मैद्याची पोती रचली होती. मी डबा तिच्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, कुणीतरी बोललं पाहिजे, जसं ती बोलायची तसं. मी कंबरेवर हात ठेवले आणि जमेल तेवढा आवाज चढवला, "वाळून काटकी झालात. टोस्टसारख्या दिसताय. मिरवताय कुणासमोर?"

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. क्षणभर मला वाटलं, आता उसळेल, आता ऐकवेल काहीतरी.

"तुला नाही जमायचं ते," ती म्हणाली आणि डबा माझ्याकडे परत सरकवला.